उमेदवाराची कवळी

कवळीवाल्या काकांचा देवावर पूर्ण विश्वास होता आणि देवाच्या माणसांवर जेमतेम. तीस वर्षं भाविकांच्या कवळ्या बनवल्यावर माणसाचं असं होतंच. काकूंचं तसं नव्हतं. प्रार्थना मंडळाच्या प्रवचनकारांनी "मत आपल्या श्रद्धेच्या माणसालाच" असं सांगितलं, तेव्हाच काकूंच्या लेखी निवडणूक संपली होती.

तो श्रद्धेचा माणूस मतदानाच्या चार दिवस आधी तोंडावर रुमाल धरून काकांच्या दुकानात शिरला. खिशातून त्याने कवळी काढली. मधोमध दोन तुकडे.

"फंध्याकाळी फभा आहे," तो म्हणाला.

"पाऊण तास लागेल. बसा."

बाकावर आधीच एक आजी बसली होती. निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, घरदार गेलेली, कोपऱ्यावरच्या निवाऱ्यात राहणारी. तिची कवळी हिरडीला टोचत होती. तो निवारा बंद करून तिथे मंडळाच्या गाड्या उभ्या करायच्या, असं उमेदवाराने जाहीरच केलं होतं.

"या लोकांना दात कफाला?" आजी म्हणजे बाकाचा पाय असल्यासारखा तो काकांना म्हणाला. "मऊफूत, आयतं मिळतं की."

आजीने पिशवीतून केळं काढलं. "घ्या. सकाळपासून उपाशी दिसताय. हे चावायला नको."

दाराशी कोणी फोटोवाला नाही ना, हे बघून उमेदवाराने केळं चार घासांत संपवलं. "देवाची कृपा," तो म्हणाला.

"केळं माझं होतं," आजी म्हणाली.

"देव मानत नाही वाटतं?"

"चाळीस वर्षं लोकांच्या लाइनी जोडून दिल्या. त्याचा नंबर कायम एंगेज."

काकांना हसू फुटलं आणि हातातली कवळी सुटता सुटता वाचली. जोड घट्ट बसला होता, आता फक्त घासायचं राहिलं होतं. पुढच्या दातामागे एक कड जरा उंच ठेवली असती, तर भरसभेत दर वाक्याला शिट्टी वाजली असती. हा विचार काकांनी दोन मिनिटं चवीने घोळवला. मग मुकाट्याने कड गुळगुळीत केली. माणूस कसाही असो, कवळी नीट बसली पाहिजे.

घरी त्यांनी काकूंना सगळं सांगितलं.

"एका केळ्यासाठी मत फिरवायचं?" काकू कडाडल्या.

"केळं देणारी उभी नाहीये. खाणारा उभा आहे."

"आणि समोरची ती वकीलबाई? देवाला हात जोडत नाही ती!"

"निवारा चालू ठेवीन म्हणते."

"देव न मानता चांगलं केलं, तर पुण्य जातं कुठे?"

"ते त्याचं तो बघेल. तू कशाला काळजी करतेस?"

मतदानाच्या दिवशी यंत्रासमोर काकांनी डोळे मिटले. 'देवा, हा तुझा भक्त असेलही. पण मी त्याचं तोंड आतून पाहिलंय.' त्यांनी वकीलबाईंचं बटण दाबलं. काकूंनी कवळीला मत दिलं.

कवळी दणदणीत मतांनी निवडून आली. काकू तीन आठवडे हवेत होत्या. चौथ्या आठवड्यात निवाऱ्याला कुलूप लागलं.

त्या दुपारी काका जेवून दुकानात परतले, तर मागच्या खोलीतून ओरडा ऐकू आला. कवळ्यांच्या साच्यांसाठी तिथे ठेवलेल्या प्लास्टरच्या गोण्या बाहेर आल्या होत्या. आजी खुर्चीत पिशवी घेऊन बसली होती आणि काकू एक लोखंडी खाट दारातून आत ओढत होत्या.

"बघत काय उभे राहिलात? गोण्या उचला!"

"अगं, पण तू तर त्यालाच मत…"

"दिलं ना! तुम्ही दिलं नाहीत, तुम्ही सुटलात. मला रात्री झोप लागेल का?" काकूंनी कपाळ पुसलं. "मंडळात जाऊन विचारलं, आता या बाईचं काय? तर म्हणे, प्रार्थना करू. म्हटलं करू की, आधी खाटेला हात लावा."

तेव्हा कुठे काकांना खाटेचं दुसरं टोक दिसलं. तिथे दाराच्या चौकटीत अडकलेले, घामाने निथळणारे प्रवचनकार होते.

"डावीकडे घ्या, महाराज," आजी खुर्चीतून म्हणाली. "अजून डावीकडे. हां, आता वाका."

आणि प्रवचनकार वाकले.