थळच्या बोटींची यादी

सुचितानं सोसायटीचा संगणक सांभाळणाऱ्या कोकिळाताईंच्या हातातून माऊस जवळजवळ ओढूनच घेतला. पडद्यावरचं चक्र फिरतच होतं. वादळाचा इशारा येऊन वीस मिनिटं झाली होती, आणि थळच्या मच्छीमार सोसायटीला दर्यात गेलेल्या बोटींची यादी काही मिळत नव्हती.

"आली का?" चेअरमन दयाराम नाखव्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"येतेय."

यंत्रणा सुचितानंच उभारलेली. बोटमालकांची कागदपत्रं मुंबईच्या सर्व्हरवर, म्हणून जोडणी एन्क्रिप्टेड. वाटेत कुणी वाचू शकणार नाही अशी कुलूपबंद. लाइन बारीक, म्हणून महिन्याभरापूर्वी तिनं कॉम्प्रेशनही चालू केलं होतं. माहिती दाबून, लहान करून पाठवायची. तिच्या लॅपटॉपवर यादी झरझर आली होती. इथं रखडतं, असं कोकिळाताईंनी दोनदा फोनवर सांगितलं, तेव्हा तिनं नाखव्यांना परस्पर कळवलं होतं, बाईंना जमत नाही, दुसरं माणूस बघा.

"ते कुलूपच काढून टाक ना," नाखवा म्हणाले. "माझा भाऊस हाय दर्यात."

काढणं दोन मिनिटांचं काम होतं. सुचिताचा हात कळफलकावर गेला, आणि तिनं तो मागं घेतला.

"ताई, नक्की कुठं अडतं हो?"

"नावं येतात बिगी. फोटो आलं का बसतं," कोकिळाताई खाली बघत म्हणाल्या. "सांगितलेलं मी."

फोटो. प्रत्येक बोटीचे चार, वर परवान्याची प्रत. सुचितानं चाचणी घेतली ती नुसत्या नावांवर. फोटो आधीच दाबलेले असतात, आणखी लहान होत नाहीत. तिनं घाईघाईनं सर्व्हरचा पडदा उघडला. रेवस, मांडवा, थळ, सगळ्या सोसायट्यांनी एकदमच याद्या मागितल्या होत्या. तो स्वस्तातला सर्व्हर न दबणारे फोटो दाबत बसला होता. त्याच्या अंगात आता दुसऱ्या कामाला ताकदच नव्हती.

तिनं कॉम्प्रेशन बंद केलं. कुलूप तसंच ठेवलं.

यादी आली. चौदा बोटी.

कोकिळाताईंनी लगेच फोन लावायला सुरुवात केली. अकरावा नाखव्यांच्या भावाचा; तो रेवसच्या खाडीत शिरला होता. नाखवा सुचिताकडे वळले.

"पोरी, तू होतीस म्हणून…"

"नाखवा," सुचिताचा आवाज नको इतका मोठा झाला, "ताईंबद्दल मी सांगितलं ते चूक होतं. रखडत होतं ते माझ्यामुळं. त्या बरोबर सांगत होत्या, मीच ऐकलं नाही."

"गप गो," कोकिळाताईंनी फोन कानाला घट्ट लावला. "चौदावी वाजतेय."

घंटी वाजत राहिली, तुटली. त्यांनी पुन्हा लावला. बऱ्याच वेळानं वाऱ्याच्या घोंघावण्यातून कुणीतरी ओरडलं,

"व्हय, बोला!"

कोकिळाताई बोलू लागल्या. बोलता बोलताच, सुचिताकडे न बघता, त्यांनी शेजारची खुर्ची पायानं तिच्याकडे सरकवली.