गाडी पिते, डबा संपत नाही

सासऱ्यांनी पुन्हा एकदा गाडी गॅरेजच्या दारात उभी केली आणि हॉर्न वाजवला. हॉर्नची काही गरज नव्हती. जावई तिथेच, दुसऱ्या एका गाडीखाली, पाय बाहेर काढून पडला होता. पण सासऱ्यांचं म्हणणं असं, की पायांना दिसत नाही.

"जावईबापू, पुन्हा खाली गेलं!"

खाली गेलं होतं ते कूलंट. इंजिनाचं डोकं थंड ठेवणारं हे हिरवं पाणी बॉनेटखालच्या प्लास्टिकच्या बाटलीत असतं. बाटलीवर दोन रेषा असतात आणि पाण्याने त्या दोघींच्या मध्ये राहावं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. सासऱ्यांच्या गाडीत ते रोज सकाळी खालच्या रेषेच्याही खाली बसलेलं असे. सासरे ते वरच्या रेषेपर्यंत भरत. दुसऱ्या सकाळी पुन्हा येरे माझ्या मागल्या.

जावयाने सगळे उपाय करून पाहिले होते. रबरी होजपाइप बदलले. रेडिएटरला पंपाने दाब देऊन ठेवला, तर दाबाचा काटा जागचा हलेना, म्हणजे गळती नाही. गाडीखाली पुठ्ठा अंथरला, तो कोरडा ठणठणीत. आत पाझरत असेल म्हणून पायाखालच्या मॅटला नाक लावलं, तिथे फक्त सासूबाईंच्या चपलांचा पत्ता लागला. बरं, इंजिन आतल्या आत पितंय म्हणावं, तर धूर पांढरा नाही, ऑइल दुधाळ नाही.

"बाबा, कूलंटचा हा कितवा डबा?"

"कितवा म्हणजे? पहिलाच."

"रोज ओतताय आणि संपला नाही?"

"मी बेताने ओततो," सासरे अभिमानाने म्हणाले.

जावई मटकन टायरवर बसला. गाडी पिते आणि डबा संपत नाही, असं इंजिन त्याच्या वस्तादानेही कधी पाहिलं नसेल.

"सोमवारपर्यंत जमलं तर बघा," सासरे म्हणाले. "नाहीतर समोर दाखवतो."

समोर म्हणजे रस्त्यापलीकडचं गॅरेज. जावयाने रस्त्यापलीकडे पाहिलं. सख्ख्या सासऱ्याची गाडी समोरच्याच्या दारात उभी राहिली, की उद्यापासून या रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा आपल्या दारात थांबणार नाही. समोरचा आताच मान उंच करून बघत होता.

"काय वस्ताद, सासरची गाडी पुन्हा माहेरपणाला आली वाटतं?"

जेवताना बायकोनेही सोडलं नाही. "माझ्या बाबांच्याच गाडीचं तुम्हाला कळेना! लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांगणार कोण?"

"बाबा."

शेवटी रविवारी तो सकाळीच सासरी जाऊन बसला. सासऱ्यांनी बाटली भरली, ती डोळ्यांनी पाहिली. मग दिवसभर दोघं गाडीतून हिंडले. चढ झाले, उतार झाले, सासऱ्यांनी गिअर बदलताना काढलेले भयंकर आवाजही ऐकून झाले. थेंब सांडला नाही. संध्याकाळी गाडी अंगणात लागली, सासरे आंघोळीला गेले आणि जावई आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसा पायरीवर बसून राहिला.

तेवढ्यात थोरले बाहेर आले. थोरले म्हणजे सासऱ्यांचे मोठे भाऊ. सारी नोकरी पाण्याच्या टाकीवर गेलेली. एकदा टाकी भरून वाहिली आणि खालच्या वस्तीतल्या गाद्या तरंगल्या, तेव्हापासून रेषेच्या वर गेलेलं पाणी त्यांना बघवत नसे. त्यांच्या एका हातात सुई नसलेली मोठी सिरिंज, दुसऱ्या हातात कूलंटचा डबा. त्यांनी बॉनेट उघडलं, बाटलीला हात लावून पाहिला, जरा थांबले, टोपण काढलं आणि शांतपणे पाणी ओढून डब्यात सोडू लागले.

"काका! हे काय करताय?"

"वर गेलं होतं. खाली आणतोय."

"रोज?"

"रोजच जातं वर. तुमच्या सासऱ्यांना भरायचं कळतं, थांबायचं कळत नाही. लहानपणापासून तसाच आहे. म्हटलं, कशाला बोलायचं, आपण आपलं काम करावं."

जावई डब्याकडे बघतच राहिला. गरम पाणी फुगतं, गार झालं की बसतं, हे तर त्याचं पोटापाण्याचं ज्ञान होतं. धाकटा भाऊ गार गाडीत रेषा बघून भरतो, थोरला गरम गाडीत रेषा बघून काढतो. गाडीला काही झालेलंच नाही. तिला दोन भाऊ झालेत.

आता हे सासऱ्यांना सांगितलं, की त्याची अब्रू वाचणार होती. पण मग प्रत्येक जेवणाला थोरल्यांच्या ताटात हीच गोष्ट वाढली जाणार होती. आणि सासरे लग्नाला नाही म्हणून अडून बसले होते तेव्हा "पोरगा हात काळे करून खातो, दुसऱ्याच्या खिशात घालून नाही" असं म्हणाले होते ते हेच थोरले.

त्याने काढलेलं पाणी परत बाटलीत ओतलं आणि खिशातल्या पेचकसाने वरच्या रेषेच्याही वर एक ओरखडा काढला. "काका, गाडी फिरून आली की ही रेषा धरायची. याच्या वर गेलं तरच काढायचं."

थोरल्यांनी वाकून पाहिलं. "मग आधी आखून द्यायची ना! रेषा नसेल तर माणसाने काय करायचं?"

दुसऱ्याच दिवशी सासरे आले. या वेळी हॉर्न नाही. मागच्या सीटवर थोरले.

"पाणी जागेवर आहे. काय होतं ते?"

जावयाने तोंड उघडलं. थोरले खिडकीतून त्याच्याकडेच बघत होते, अगदी निश्चिंतपणे, सगळं आपल्यालाही कळायला हवं अशा चेहऱ्याने.

"टोपण," जावई म्हणाला. "टोपण सैल होतं."

"टोपण?" सासरे कडाडले. "एवढे दिवस नुसत्या टोपणासाठी?"

रस्त्यापलीकडून खो खो हसू आलं. "वस्ताद, टोपणं ओळखता येत नसतील तर इकडे पाठवत जा!"

जावयाने खाली मान घातली. सासरे मात्र गर्रकन वळले.

"तुम्हाला कुणी विचारलं का हो? तुम्ही असता तर इंजिन उतरवून ठेवलं असतं! आमच्या जावयाने टोपणावर भागवलं!"

समोरच्याने मान आत घेतली. सासरे गाडीत बसले आणि काच अर्धी खाली करून हळू आवाजात म्हणाले, "टोपणाचं कुठे बोलू नका हं. उगाच लोकांत शोभा होते."