व्हॅनेडियमच्या डबीवरचे कुंकू

सेवा करावी आणि सेवेची खूणही मागे राहू नये, असे जगणे तुम्हाला मानवेल काय? विचार करून उत्तर द्या. मला तर परमेश्वराने घडवतानाच तसे घडवले आहे. मी व्हॅनेडियम धातूची एक डबी बोलते आहे.

माझी उंची बोटाएवढी आणि भिंत कागदासारखी पातळ. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत, कपाटाच्या वरच्या खणात, कापसावर माझा मुक्काम असतो. येथे पीएच.डी. करणारी मुले भट्टीत नवे पदार्थ भाजतात, खलात घोटून त्यांची भुकटी करतात, ती माझ्यात भरतात आणि रेल्वेने मुंबईच्या अणुभट्टीकडे नेतात. तेथे न्यूट्रॉनांचा झोत माझ्या अंगातून आरपार जातो. भुकटीतले अणू त्या कणांना ठरावीक दिशांना वळवतात, आलेखावर त्यांची टोके उमटतात, आणि कोणता अणू कोठे बसला आहे ते उमगते. लिथियमसारखा हलका अणू क्ष-किरणांना नीट दिसत नाही. न्यूट्रॉनांना दिसतो. म्हणून एवढा प्रवास.

दुसऱ्या धातूची डबी वापरली, तर तिची स्वतःची टोकेही आलेखात घुसतात. माझी जवळजवळ उमटतच नाहीत. जे पोटात घ्यावे, त्याचेच रूप दिसते. याचा मी गर्व करीत नाही. हा माझा धर्म आहे.

या मुलांचा मला लळा आहे. मला भरताना ती श्वास रोखतात, जणू झोपलेल्या तान्ह्याला उचलत आहेत. एरवी मात्र तोंडाला विश्रांती नाही. तर्रीपोहे खाताना भांडतात, भट्टी बिघडली की एकमेकांच्या पायगुणावर ढकलतात, आणि पुन्हा एकाच डब्यातून जेवतात.

त्यांच्यात वेदिका काटोलची. घरच्या बागेची संत्री पिशवीभर आणून सर्वांना वाटणारी. बॅटरीत लिथियम कोठून कोठे सरकते, हा तिच्या प्रबंधाचा विषय. न्यूट्रॉनांवाचून तो प्रबंध उभा राहणेच शक्य नव्हते. दुर्गेश इतवारीतल्या व्यापाऱ्याचा मुलगा. बुद्धी तल्लख, हात उतावळे. दोघांचे मार्गदर्शक मधुसूदन सर. अणुभट्टीचा झोत मागून, वाट पाहून, मोजक्या दिवसांपुरता मिळतो. मुले त्याला बीमटाइम म्हणतात. त्या वेळची पाळी दुर्गेशची होती, पुढची वेदिकेची.

खंडेनवमी आली. शेतकरी नांगर पुजतो, सुतार करवत पुजतो. वेदिकेने मला पुजले. माझ्या अंगावर कुंकवाचे एक बोट टेकवले आणि हात जोडले.

“नवरी सजवून राहिली काय वं?” दुर्गेश म्हणाला.

“थांब गा, तुलेही लावते. बोकडाले आधी कुंकूच लावतात.”

सगळे हसले. सर हसले नाहीत. प्रयोगशाळेत पूजा त्यांना रुचत नसे. वेदिकेने दुसऱ्याच दिवशी मला स्पिरिटने स्वच्छ पुसले. पूजा जाणणाऱ्याला निर्माल्य काढणेही ठाऊक असते.

दुर्गेशची निघण्याची वेळ आली. गाडी गाठायची होती. माझे झाकण बसेना, तेव्हा त्याने पक्कड घेतली आणि माझा काठ वाकवला. धीर धरून काठ सरळ केला असता, किंवा सरांना सांगितले असते, तर पुढचे काहीच घडले नसते. पण सर पाळी पुढे ढकलतील, ही त्याला भीती. खणात सरावासाठी ठेवलेली ॲल्युमिनियमची डबी होती. त्याने भुकटी तिच्यात भरली, मला कापसात दडपले, आणि निघून गेला. कागदावर मात्र त्याने माझेच नाव लिहिले.

तो परतला, तेव्हा आलेखात नको ती टोके उभी होती. सरांनी कारण विचारले. दुर्गेश म्हणाला, की वेदिकेने डबीला कुंकू लावले होते, त्याचाच हा प्रताप असावा.

ॲल्युमिनियमची टोके सरांना आपल्या तळहातासारखी ओळखीची होती. त्यांनी ती पडताळली नाहीत. मनाजोगे कारण हाती आले, की विद्वानही पुरावा मागत नाही. त्यांनी वेदिकेला सर्वांसमोर बोल लावले आणि सांगितले, की पुढचा बीमटाइम तिला मिळणार नाही.

दोष आपलाच, पुसूनही एखादा कण राहिला असावा, असेच वेदिका समजली. रडून झाल्यावर मात्र तिने ठरवले, की आपल्या हातून नेमके काय बिघडले ते तरी कळावे. घरून कुंकू आणून तिने ते प्रयोगशाळेतल्या क्ष-किरण यंत्रात ठेवले. हळद आणि चुना. त्यांची टोके वेगळ्याच जागी आली. दुर्गेशच्या आलेखातले एकही टोक त्यांच्याशी जुळेना. मग ती टोके कोणाची? तिने एकेक धातू तपासला. ॲल्युमिनियमशी प्रत्येक टोक जुळले. तिने मला कापसातून बाहेर काढले. माझा काठ वाकलेला होता, आणि आत भुकटीचा कणही नव्हता.

तिने आधी दुर्गेशलाच गाठले. याबद्दल मी तिला मनोमन आशीर्वाद दिला.

“ॲल्युमिनियमची काहून नेली गा?”

त्याची मान खाली गेली. “सरले नको सांगू वं. माझी पाळी गेली असती.”

“माझी गेली ना.”

तिने मला त्याच्यासमोर धरले.

“कुंकवाचं नाव काहून घेतलं? डबी वाकली म्हटलं असतं तर मीच सरले समजावलं असतं,” ती म्हणाली. “उद्या तू सांग. तू नाही सांगितलं तर मी तुझा आणि ॲल्युमिनियमचा, दोन्ही आलेख त्यांच्यासमोर ठेवीन.”

दुसरा दिवस आला. दुर्गेश सरांच्या दारापर्यंत गेला आणि परत फिरला. संध्याकाळी वेदिकेने दोन्ही आलेख सरांच्या टेबलावर ठेवले, शेजारी मला ठेवले, आणि ती उभी राहिली. सरांनी पाहिले. चष्मा काढला. सर्वांसमोर बोल लावले होते, म्हणून सर्वांना बोलावून त्यांनी तिची क्षमा मागितली. मोठेपण असते ते एवढेच.

वेदिकेला तिची पाळी मिळाली. माझा काठ तिने लाकडी दांडीवर हळूहळू सरळ केला. किंचित बाक राहिला आहे, पण झाकण बसते. तिचे लिथियम माझ्या पोटातून स्पष्ट दिसले. वाचकहो, देवाने दिलेले काम करा, नाव त्याच्यावर सोडा, आणि आपली चूक दुसऱ्याच्या श्रद्धेवर कधी ढकलू नका.

दुर्गेशचा आलेख रद्द झाला. त्याची पुढची पाळी वेदिकेला दिली गेली आणि त्याची पदवी लांबली. ही शिक्षा संपली. दुसरी संपली नाही. तो आता मन लावून, खरे काम करतो. आलेख घेऊन सरांसमोर बसतो. सर तो पाहतात, चांगला आहे म्हणतात, आणि मग हळूच, न रागावता, दर वेळी विचारतात, “डबी कोणती होती?”