वाळू खाली येईपर्यंत

आजी वर्गात शिरली ती बाह्या सरसावूनच. नात बिट्टी शाळेत तोंड उघडत नाही, ही तक्रार ऐकून तिचे कान किटले होते. निघताना तिने लेकाला बजावलं होतं, "आज पोरगी बोलली तर ठीक, नाहीतर उद्यापासून दुसरी शाळा. मूग गिळून बसायला घर काय कमी पडतंय?"

बाईंनी तिला मागच्या बाकावर बसवलं. बाक एवढासा, की गुडघे हनुवटीला टेकले. बाई म्हणजे कालपरवाची पोर. आजीने नाक मुरडलं.

बाईंची एक तऱ्हा होती. प्रश्न विचारायचा आणि टेबलावरचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं. वाळू खाली येईपर्यंत सगळ्यांनी नुसता विचार करायचा. मध्येच कुणी बोललं, की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून.

"बी मातीत उलटं पडलं, तर रोप कुठे जाईल?" बाईंनी विचारलं.

वर्ग चिडीचूप. बिट्टीने हळूच मान वर केली.

"वरच जाणार! खाली काय त्याचं सासर आहे?" आजी कडाडली.

"आजी, वाळू!" सगळा वर्ग ओरडला.

बाई हसल्या. "आजी, तुम्हालाही नियम आहे हं."

पण आजीचं लक्ष बिट्टीकडे. पोरीची मान पुन्हा खाली गेली होती. ही खाली गेलेली मान आजीच्या ओळखीची होती. पाहुण्यांनी "नाव काय गं तुझं?" विचारलं, की ती अशीच जायची आणि नाव आजीच सांगायची.

बाईंनी घड्याळ उलटं केलं. आजीने तोंडावर हात दाबला. एवढा वेळ ती झोपेतसुद्धा गप्प नसायची. घशात शब्द नुसते उड्या मारत होते.

वाळू संपली. बिट्टी उभी राहिली.

"वरच जातं. आधी वाकडं होतं, मग वळतं. खिडकीतल्या कुंडीत मी घेवड्याचं बी उलटं लावलं होतं. आजीला वाटतं, तो वेल तिने लावलाय."

हसायचं नाही, हा वर्गाचा दुसरा नियम. तो मोडला एकट्या आजीनेच, तोही डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

संध्याकाळी जेवताना लेकाने विचारलं, "मग बिट्टे, शाळा बदलायची का?"

आजीने तोंड उघडलं. चटकन त्यात भलामोठा घास कोंबला आणि सावकाश चावत बसली.

"नको," बिट्टी म्हणाली.