हंबीररावांचं मानचिन्ह

बाबालाल पेंटरचं डोकं पार फिरलं होतं. कसबा बावड्याच्या हंबीररावांनी मानचिन्हाचा कागद चौथ्यांदा परत पाठवला होता. संस्थान जाऊन पंचवीस वर्षं झाली, तरी दारात नवी जीप उभी राहिली की माणसाला आपण सरदार असल्याची स्वप्नं पडायचीच.

बाबालालचे वडील, ख्वाजा पेंटर, जुन्या सरदार घराण्यांची मानचिन्हं ढालींवर रंगवत. त्यांचा दंडक एकच. घराण्यानं जे खरोखर हाती धरलं, तेवढंच ढालीवर काढायचं. म्हणून त्यांच्या घरून आलेलं चिन्ह लोक डोळे झाकून खरं मानत. बाबालालनं मन लावून मोट आणि बैलजोडी काढली होती. हंबीररावांच्या वडलांनी तीस वर्षं दुसऱ्याच्या विहिरीवर मोट हाकून पहिली दोन एकर जमीन घेतली, हे सगळ्या बावड्याला ठाऊक होतं.

शेवटी कागद घेऊन बाबालाल स्वतःच हंबीररावांच्या बंगल्यावर गेला.

"मोट कशाला रं? दोन तलवारी काढ. मधी वाघ," हंबीरराव म्हणाले.

"मालक, तुमच्या घरात तलवार कवा हुती?"

"नव्हती म्हनून तर काढायची की!"

"मग मला जमायचं न्हाय."

हंबीररावांनी छापलेली पत्रिका पुढं सरकवली. 'मानचिन्ह प्रदान : बाबालाल ख्वाजा पेंटर यांच्या हस्ते.' पाचशे घरांत वाटून झाली होती.

"आता न्हाय म्हन. ख्वाजाच्या पोराला ब्रश धरता येत न्हाय, म्हनत्याल लोकं."

बाबालालला संताप आला, आणि तो गिळावा लागला याचा त्याहून जास्त आला. घरी बायको, जरीना, म्हणाली, "द्या काढून, आन् सुटा एकदाचं." त्यानं काढून दिलं. पण दात-ओठ खात काढलेला तो वाघ नेमका झकास उतरला.

समारंभाला मांडव भरला होता. बाबालालनं ढालीवरचा पडदा ओढला. पुढच्या खुर्चीतल्या हंबीररावांच्या आई, आक्का, उठून जवळ आल्या. तलवारींवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "ह्ये कुनाच्या घरचं हाय रं?"

हंबीरराव हसले. "पेंटरलाच इचार की. त्येच्या घरातनं खोटं कधी बाहेर पडलंय व्हय?"

सगळ्या माना बाबालालकडं वळल्या. आक्का तर अशा विश्वासानं बघत होत्या, की तो सांगेल ते त्या पदरात बांधून घरी नेतील.

"तुमच्याच घरचं हाय, आक्का," तो म्हणाला.

आक्कांनी ढालीला हात जोडले. "आमच्या मालकांनी जलमभर मोट हाकली, पर ह्ये मला कवा सांगितलंच न्हाय बघ," त्या म्हणाल्या.