आजीचे रिकामे ओठ

जयाच्या घरात दिवसभर बोलणारं माणूस एकच, आणि तेही चित्रातलं. नवरा सहादेवराव वारले, लेक अश्विनी लग्न होऊन नाशिकला गेली, आणि भिंगारच्या त्या दोन खोल्यांत दुसरा आवाज म्हणून उरला नाही. सकाळी अंघोळ, तुळशीला पाणी, देवापुढे दिवा, आणि मग कॉम्प्युटर. सावेडीतल्या स्टुडिओतून कल्याण आवाजाच्या फाइली पाठवायचा. त्या ऐकत जया कार्टूनमधल्या माणसांची तोंडं हलवायची. 'म' आला की ओठ मिटायचे, 'आ' आला की जबडा खाली, 'ओ'ला चंबू. शेजारी हातआरसा उभा केलेला असायचा. वाक्य आधी स्वतः म्हणून बघायचं, आरशातले ओठ न्याहाळायचे आणि तसेच चित्राला द्यायचे.

सध्या चित्रात एक आजी होती. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेली, नातवंडांना घेऊन गावात मागे राहिलेली. तिला आवाज दिला होता जामखेडकडच्या केशरबाईंनी. "लेकरा, भाकर खाल्ली का न्हाई?" हे वाक्य जयानं इतक्यांदा ऐकलं होतं की दुपारी ताट वाढून घेताना ती हळूच म्हणायची, "बसतेच आहे हो."

त्या दिवशी ताट नुकतंच वाढलं होतं, तेवढ्यात कल्याणचा फोन आला.

"जयाताई, आजीला झालंय काय?"

"का हो?"

"बोलून झालं तरी तोंड चालूच. आवाज नाही, काही नाही, आणि ही आपली पुटपुटतेय. मालिकावाले विचारतायत, म्हातारी तंबाखू चघळते का!"

"अगं बाई! बघते मी."

"आज संध्याकाळपर्यंत बघा. ते म्हणतायत, हे काम सॉफ्टवेअरलाच देऊन टाका. आवाज थांबला की ते गुपचूप तोंड मिटतं. मी थोपवून धरलंय, पण..."

त्या 'पण'चा अर्थ जयाला कळला. आजी गेली की या घरात तिला जेवणाचं विचारणारं कुणी राहणार नव्हतं.

तिनं ताटावर झाकण घातलं आणि चित्र सावकाश चालवून पाहिलं. वाक्य संपलं की आजीचे ओठ उघडत होते, मिटत होते. पुन्हा उघडत होते, मिटत होते. रा. म. रा. म. जयानं आपल्या तोंडाला हात लावला. बोटांखाली ओठ हलत होते.

लग्नानंतर सासूबाई बनुबाईंनी सांगितलं होतं, "हात कामात असू दे, पण ओठ रिकामे ठेवू नको, पोरी. नाव घेत जा." तो नेम तिनं आजवर मोडला नव्हता. मात्र तो मनातल्या मनात चालतो, असंच तिला वाटायचं. सहादेवराव पेपरातून मान वर करून विचारायचे, "कुणाशी बोलतेस गं?" ती म्हणायची, "कुठं काय!" तिला ती थट्टा वाटायची. ते गेल्यावर तिचे ओठ बघणारं कुणी उरलंच नाही.

ती एकेक मोकळी जागा शोधून आजीचं तोंड मिटवत गेली. सगळं नीट बसलं. राहिलं शेवटचं दृश्य. नातवंडं झोपलेली, आजी उंबऱ्यात बसून रिकाम्या रस्त्याकडे बघत लांबच्या मुलाला विचारते, "लेकरा, भाकर खाल्ली का न्हाई?" मग नुसती शांतता. तिथं ओठ मिटले, तर म्हातारीला कुणी उंबऱ्यात विसरून गेल्यासारखं वाटायला लागलं. जयाच्यानं ते तसं ठेववेना. तिनं पुन्हा ओठ हलते केले आणि फोन लावला.

"कल्याणभाऊ, बाकी सगळं दुरुस्त केलं. शेवटचं तेवढं राहू द्या."

"अहो, तिथं आवाज नाही ना ताई."

"मग आवाज घाला." बोलल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

"केशरबाई आता कुठल्या सापडायला! ऊसतोडीच्या टोळीबरोबर त्याही फडाकडं, कोपीवर राहायला गेल्या. फोन लागत नाही." मग त्यालाच सुचलं. "तुम्हीच म्हणून पाठवा की. काय म्हणते ती?"

"नाव घेते."

"कुणाचं?"

"देवाचं हो."

तो हसला नाही. "पाठवा. त्यांना पसंत नाही पडलं तर मात्र तोंड मिटवायला लागेल."

दिवेलागण झाली. जयानं समई लावली आणि मोबाईल समोर ठेवला. पहिल्यांदा त्यात फक्त पंख्याची घरघर आली, तिचा आवाज उमटलाच नाही. तिनं पंखा बंद केला, आजीच्या ओठांकडे बघितलं आणि मोठ्यानं म्हणाली, "राम... राम... राम..." स्वतःच्याच आवाजानं ती दचकली. तो जाड आणि कोरडा होता, बरेच दिवस न वापरलेल्या भांड्यासारखा. पण ओठांवर असा बसला की एकही फ्रेम हलवावी लागली नाही.

बऱ्याच वेळानं कल्याणचं उत्तर आलं. "ठेवलं. पुढचा भाग उद्या पाठवतो."

जयानं दृश्य परत लावलं. आजीनं विचारलं, "लेकरा, भाकर खाल्ली का न्हाई?" दुपारचं ताट झाकलेलंच होतं. "बसते आता," जया म्हणाली. आजीचं नाव घेणं संपेपर्यंत ती थांबली, आणि मग दृश्य पुन्हा पहिल्यापासून लावलं.