दार कुणी ठोठावलं नाही

वैद्यकीय कॉलेजात शिरायला नुसते मार्क पुरत नाहीत. अर्जात एक चौकोन असतो, त्यात आपल्यावर काय काय गुदरलं ते लिहायचं असतं, आणि तेही मोजक्या अक्षरांत. ज्यांच्यावर काहीच गुदरलेलं नाही अशी खात्यापित्या घरची पोरं त्यात मेलेल्या कुत्र्याबद्दल लिहितात. टेसा कॉम्ब्सला शोधाशोध करायची गरज नव्हती. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातल्या खाणकामगाराची ही मुलगी. आई लहानपणीच गेलेली. टेसा चौथीत असताना खाणीचं छत कोसळलं आणि बापाची, हर्शेलची, कंबर मोडली. तो अख्खा हिवाळा हर्शेल अंथरुणाला खिळून होता.

पहिल्यांदा तिने सगळं खरं लिहिलं. चर्चच्या बायका पाळीपाळीने जेवण आणायच्या. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव असायचं, म्हणजे भांडं ज्याचं त्याच्या घरी परत जावं. बहुतेक भांड्यांवर एकच नाव असायचं, शेजारच्या व्हर्नाचं. ती परत करायला टेसाला धाडलं जाई. रस्त्याने शाळासोबती भेटले की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

टेसाच्या तेव्हाच्या कॉलेजात अर्ज तपासून देणाऱ्या प्रुइटबाईंनी हे वाचलं आणि नाक मुरडलं.

"छान आहे गं. पण इतके लोक इतकं खायला आणतायत म्हटल्यावर तुझं दुःख कुठे राहिलं? ही तर सहल वाटतेय. काढ हा परिच्छेद."

टेसाने काढला. मग तिथे भगदाड पडलं, म्हणून तिने दोन वाक्यं घातली. 'कित्येक रात्री आम्ही उपाशी झोपलो. दार कुणी ठोठावलं नाही.' लिहिताना तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. वाक्य झकास जमलंय असंही वाटलं, आणि ते वाटणं आठवलं की पुढे कितीतरी दिवस तिचे कान तापायचे.

मुलाखतीचं बोलावणं आलं. हर्शेलला तासन्‌तास गाडीत बसवत नव्हतं आणि टेसाची खटारा गाडी घाट चढेल याचा भरवसा नव्हता. तेव्हा व्हर्ना आपली गाडी घेऊन दारात हजर झाली, केस सेट करून, चर्चला जायचा ठेवणीतला झगा घालून.

"मावशी, मुलाखत माझी आहे," टेसा म्हणाली.

"असू दे. डॉक्टरांच्या दारात मी काय स्वयंपाकाच्या कपड्यांत उभी राहू?"

घाट उतरेपर्यंत व्हर्नाच्या तोंडाला खळ नव्हता. मग मध्येच तिने विचारलं, "अर्जात म्हणे कष्टाचं लिहावं लागतं. तू काय लिहिलंस?"

"बाबांच्या अपघाताचं."

"मग आम्हीही आलो असणार त्यात! माझ्या डंपलिंगचं लिहिलंस का? मेले ते पिठाचे गोळे खारटच व्हायचे. लोनी म्हणायचा, हर्शेल खाणीतून वाचला, पण आता तुझं मीठ त्याला मारणार." स्वतःच्याच नवऱ्याच्या टोमण्यावर ती खो खो हसली. "खरं सांग, लिहिलंस ना आमचं?"

"लिहिलंय," टेसा म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

डोंगरात परत जाऊन दवाखाना चालवायला तयार असलेल्यांसाठी त्या कॉलेजात काही जागा वेगळ्या ठेवलेल्या होत्या. मुलाखत घेणारे डॉक्टर पिकल्या केसांचे, सावकाश बोलणारे. त्यांनी अर्ज मन लावून वाचला होता, हीच पंचाईत झाली.

"एक कळत नाही मला," ते म्हणाले. "एक लहान पोर उपाशी झोपत होती आणि ज्यांनी तिचं दार ठोठावलं नाही, त्याच लोकांची सेवा करायला तुम्हाला परत का जायचंय?"

खरं सांगायला एवढी सोपी संधी पुन्हा आली नसती. ते माझं खोटं आहे, एवढंच म्हणायचं होतं. टेसाच्या ओठांवर आलंसुद्धा. पण मग ती जागा गेली असती, आणि पोरगी डॉक्टर होणार असं हर्शेलने गावभर आधीच सांगून ठेवलेलं.

"मी त्यांना माफ केलंय," ती म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. जागा आपली झाली हे टेसाला त्याच वेळी कळलं. उठताना ज्या हाताने तिने त्यांचा हात हातात घेतला, तो तिला स्वतःचा वाटेना. इतकी लाज तिला भांडी परत करतानाही कधी वाटली नव्हती.

बाहेर व्हर्ना गाडीला टेकून उभी होती. टेसा दिसताच लगबगीने पुढे आली.

"झालं? काय विचारलं गं?"

"तुमच्याबद्दलच विचारलं."

"अगं बाई! मग काय सांगितलंस?"

टेसाला आता आणखी एक खोटं पेलवेना. "मी सांगितलं, मी तुम्हाला माफ केलंय."

व्हर्ना आधी हसली. मग थांबली. कपाळाला आठ्या घालून ती काहीतरी आठवत राहिली आणि हळूहळू तिचा चेहरा उतरत गेला.

"त्या हिवाळ्यातल्या बर्फाचं ना?" तिने विचारलं. "लोनीने गाडी नाल्यात घातली होती आणि दोन दिवस आम्हाला येताच आलं नाही. तुम्ही बापलेकीने काय खाल्लंत, हे मी नंतर विचारलंच नाही. धीरच झाला नाही गं मला. उपाशी राहिलात का?"

त्या दोन दिवसांना पुरून उरेल इतकं व्हर्नाचंच जेवण घरात होतं. टेसाला नाही म्हणायचं होतं, सगळंच सांगायचं होतं. पण तोंड उघडलं आणि रडू फुटलं. व्हर्नाला तो होकारच वाटला. तिने टेसाला पोटाशी ओढलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "चुकलं गं बाळा माझं. चुकलंच."